डॉबरमनच्या कवटीची कथा आणि निवारा केंद्रातले मोठे कुत्रे

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. निवारा केंद्रातून राखणीच्या जातीचा मोठा कुत्रा घरी आणू नये, असे त्यात बजावले आहे आणि कारणे दिली आहेत ती अशी: डॉबरमनचा मेंदू वाढत राहतो पण कवटी वाढत नाही, त्यामुळे सहा-सात वर्षांचा झाला की तो वेडा होऊन मालकावरच उलटतो, या जातींच्या रक्तातच हिंस्रपणा असतो, केंद्र सरकारने डॉबरमनसह २३ जातींवर बंदी घातली आहे, निवारा केंद्रात येतात ते चावलेलेच कुत्रे, आणि वाढलेल्या कुत्र्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवरून हा संदेश माझ्या आत्याकडे पोहोचला. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या मळ्यातल्या घरासाठी तिने एका केंद्रातली सहा वर्षांची डॉबरमन कुत्री आणायचे ठरवले होते. संदेश वाचला आणि तिने केंद्राला नकार कळवला. तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही आधी एखाद्या पशुवैद्याला विचारले नाही, याचा मला राग आहे.

कवटीची कथा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे आणि ती साफ खोटी आहे. कुत्र्याच्या मेंदूची वाढ पहिल्या वर्षाच्या आतच पुरी होते आणि त्या काळात कवटीची हाडे मेंदूच्या बरोबरीने पसरत जातात. सहाव्या वर्षी मेंदू पुन्हा वाढू लागावा अशी कोणतीही प्रक्रिया कुत्र्याच्या शरीरात नाही, मग तो डॉबरमन असो वा आपला गावठी. कवटीत मेंदूला जागा अपुरी पडण्याचा विकार कुत्र्यांमध्ये खरोखर आढळतो, परंतु त्यासाठी ओळखली जाते ती कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही मांडीवर मावणारी छोटी जात. त्या कुत्र्यांच्या मज्जारज्जूत पोकळ्या होऊन द्रव साठतो, मान दुखते आणि ती पाय हवेतच हलवून खांदा खाजवल्यासारखे करत राहतात. मालकाच्या जिवावर उठण्याशी त्या विकाराचा काहीही संबंध नाही.

या कथेने नुकसान होते ते कुत्र्याचे. डॉबरमनमध्ये खरी काळजी घ्यावी लागते ती हृदयाची. हृदयाचा स्नायू अशक्त होऊन हृदय फुगत जाण्याचा आजार, ज्याला पशुवैद्य डीसीएम म्हणतात, या जातीत इतका आढळतो की युरोपातल्या डॉबरमनच्या पाहणीत निम्म्याहून अधिक कुत्र्यांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो असे दिसून आले. बाहेरून कुत्रा धडधाकट दिसतो आणि एक दिवस पळता पळता कोसळतो. मानेच्या मणक्यांचे दुखणेही या जातीत ठाऊक आहे. ज्या वयात 'आता हा वेडा होणार' असे संदेश सांगतो, त्याच वयात ही दुखणी डोके वर काढतात. वेदनेने बेजार झालेला कुत्रा अंगाला हात लावताच गुरगुरला, तर त्याला दवाखान्यात न्यायला हवे. परंतु ज्या घरात कवटीची कथा खरी मानली जाते, तिथे त्याच्या नशिबी साखळी येते किंवा त्याला रात्री कुठेतरी नेऊन सोडले जाते.

रक्तातल्या हिंस्रपणाबद्दल एकच संदर्भ देतो, कारण तो पुरेसा आहे. 'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती एकत्र तपासली गेली. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा का, याचा जेमतेम ९ टक्के उलगडा जातीवरून होतो, असा निष्कर्ष निघाला. कुत्रा डिवचला किंवा घाबरला असता किती लवकर अंगावर येईल, हे सांगायला तर जात जवळजवळ निरुपयोगी ठरली. त्याच अभ्यासात हेही आहे की स्वभाव काही प्रमाणात जनुकांतून येतो आणि माणसाचे ऐकण्याची वृत्ती यासारख्या थोड्या गुणांवर जातीचा प्रभाव अधिक दिसतो. तेव्हा जातीला काहीच अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. डॉबरमन नराचे वजन ४० ते ४५ किलो असते, रॉटवायलर त्याहूनही जड असतो. असा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, आणि त्याने पट्ट्याला हिसका दिला तर सत्तरीतले माणूस आडवे होते. परंतु हा प्रश्न त्याच्या ताकदीचा आणि आपण लावलेल्या शिस्तीचा आहे.

केंद्रात चावलेलेच कुत्रे येतात, हे विधान करणाऱ्याने केंद्राचे फाटक ओलांडलेले दिसत नाही. आत्याने पसंत केलेली कुत्री मी पाहिली आहे. सिमेंटच्या जमिनीवर वर्षानुवर्षे झोपून तिच्या कोपरांवर राखाडी घट्टे पडले होते, आचळे ओघळली होती आणि पट्ट्याच्या जागी गळ्याभोवती केस उगवत नव्हते. पिल्ले विकण्यासाठी वेतामागून वेत घेऊन, ती थकल्यावर तिला सोडून दिले होते, हे सांगायला कागदपत्रे लागत नाहीत. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने सगळा भार माझ्या पायावर टेकवला आणि तशीच उभी राहिली. मालकाची बदली, घरातले आजारपण, औषधांचा खर्च, सोसायटीतल्या तक्रारी अशा कारणांनीही कुत्रे तिथे येतात. काही चावलेलेही असतात, आणि जबाबदार केंद्र ते लपवत नाही.

बंदीबाबतचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून काही जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले होते, हे खरे. त्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हताच. शिवाय ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीपासून होते, त्यांना नसबंदी करून घेण्यास सांगितले होते, कुत्रा टाकून देण्यास नव्हे. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केले आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढेही ते टिकले नाही. गाझियाबादसारख्या काही महापालिकांनी आपापल्या हद्दीत निर्बंध घातले आहेत, म्हणून आपल्या महापालिकेचा नियम पाहावा आणि परवाना काढावा.

लळ्याबद्दल फार लिहीत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटींतच निवारा केंद्रातले प्रौढ कुत्रे नव्या माणसाशी ओढ दाखवू लागतात.

केंद्रात गेल्यावर विचारायचे ते असे: कुत्रा इथे का आला, तो कधी कोणाला चावला आहे का, खाताना जवळ गेले तर काय करतो, लहान मुले आणि इतर कुत्रे त्याला चालतात का, नसबंदी आणि रेबीजच्या लसीची नोंद कुठे आहे. डॉबरमन असेल तर हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचा ईसीजी करून घ्यावा. पंधरा दिवस तात्पुरता घरी ठेवून पाहण्याची मुभा मागावी. अनेक केंद्रे ती देतात. घरी आणल्यावर पहिले काही दिवस पाहुण्यांना बोलावू नये, आणि राखणीचा कुत्रा तापट व्हावा म्हणून त्याला दिवसभर बांधून ठेवू नये. सतत साखळीला असलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. ज्या घरात कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायला धडधाकट माणूस नाही, त्या घराने मोठा कुत्रा आणू नये. आत्याच्या मळ्यावर तशी दोन माणसे आहेत, आणि ती कुत्री अजून त्या केंद्रातच आहे.