‘पोरीचा मोबाईल काढा, स्थळ बघा’: त्या मेसेजला उत्तर

‘पालकांनो, जागे व्हा! कॉलेजच्या मुलांना लागलंय दारूपेक्षा भयंकर व्यसन’ या मथळ्याचा मेसेज सध्या आमच्याकडं गावकीच्या, भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, एवढंच काय हरिपाठाच्या ग्रुपवरही फिरतोय. खाली नाव नाही, दवाखान्याचा पत्ता नाही, नुसतं ‘एका नामवंत मेंदुतज्ज्ञाचा इशारा’. मी वाचून सोडून दिला असता. पण माझ्या चुलतभावानं तो मनावर घेतला. बी.फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीचा फोन कपाटात ठेवला, किल्ली करदोट्याला बांधली आणि वर मलाच फोन करून सुनावलं, ‘तू नेटवाला, तुमच्यासारख्यांमुळंच लेकरं बिघडली.’

मी जिंतूरला ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. डॉक्टरकी मला कळत नाही. पण कॉलेजच्या पोरापोरींचं फोनवर काय चालतं ते दिवसभर समोर दिसतं, आणि वाचता येतं.

मेसेज लांबलचक आहे, गोषवारा असा. एक, जागतिक आरोग्य संघटनेनं ‘इंटरनेटचं व्यसन’ हा मानसिक आजार जाहीर केलाय. दोन, रील बघताना मेंदूत कोकेनएवढंच डोपामाइन (पुन्हा पुन्हा ओढ लावणारं रसायन) सुटतं. दारू सुटेल, मोबाईल सुटणार नाही. तीन, आजच्या तरुणाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिश माशाचं नऊ. चार, चीनमध्ये अशा पोरांना छावणीत टाकून सरळ करतात, आपणही व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं. पाच, मुलगी असेल तर वेळीच मोबाईल काढून घ्या आणि चांगलं स्थळ बघून मोकळे व्हा. सहा, एकवीस दिवस फोन कुलपात ठेवला की व्यसन मुळापासून जातं.

पाचवा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर डोकं फिरेल, यानं एखाद्या पोरीचं वाटोळं होईल.

इंटरनेटच्या व्यसनावर लग्न हा उपाय कोणत्या मेंदुतज्ज्ञानं लिहून दिला? लग्न झालं की नेटपॅक संपतो का? याच मेसेजमध्ये मुलांसाठी काय लिहिलंय तेही बघा: ‘मुलाशी मित्रासारखं बोला, मैदानावर पाठवा.’ म्हणजे व्यसन एकच, पण पोराला मैदान आणि पोरीला मांडव. मेसेज लिहिणाऱ्याला व्यसनाची काळजी नाही, त्याला पोरगी कुणाशी बोलते याची धास्ती आहे. तसं सरळ म्हणायची हिंमत नाही म्हणून मेंदू मध्ये आणलाय.

आणि हा मेसेज फिरतोय कुठं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे काढून बघा. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठरा पुरी व्हायच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के. बीड जिल्ह्यात ४३.७. आमच्या परभणीत ४८. म्हणजे जवळपास निम्म्या. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, पण लग्नं होतात ती होतातच. आधी ‘दिवस चांगले नाहीत’ म्हणून व्हायची, आता ‘मोबाईलनं बिघडली’ म्हणून होतील. याच पाहणीत देशभरात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के निघाले. ज्यांच्यापर्यंत नेट पोचलंच कमी, त्यांचाच फोन आधी काढायचा!

फोन काढला की काय होतं ते माझ्या काउंटरवर बघायला या. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या पोरी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकतात. दिवाळीनंतर आई-बाप कारखान्यावर, ते थेट उन्हाळ्यालाच परत. आधारला जोडलेला नंबर बापाच्या खिशात, बाप कोल्हापूरकडच्या फडात. पोरगी महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचा, पासवर्ड विसरलेली असते (सगळीच विसरतात), नवा करायला ओटीपी लागतो. मी इकडून बटण दाबतो, तिकडं बापाच्या फोनवर इंग्रजीत मेसेज पडतो. बाप उसाची मोळी खाली टाकून मेसेज शोधतो आणि मोठ्या कष्टानं आकडे वाचून दाखवतो ते रिचार्ज संपल्याच्या मेसेजमधले. तोवर मुदत संपते. पुन्हा पाठवा. तिसऱ्या वेळेला संकेतस्थळ म्हणतं, उद्या या. पोरगी ओशाळून उठते आणि म्हणते, ‘दादा, राहू द्या.’ तो बाप तरी लांब असतो म्हणून अडतं. माझ्या भावानं घरात बसून तीच अवस्था केली.

हिशेब रुपयातच ऐकायचा असेल तर तोही ऐका. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. बी.फार्मसी त्यात येतं. पण ती सवलत घरी चालत येत नाही, ऑनलाईन अर्ज करावा लागतो, पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो. त्रुटी निघाली तर कळतं तेही फोनवर. कॉलेजचं वेळापत्रक, परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, सगळं त्याच डबीत. पुतणी मैत्रिणीच्या फोनवरून मला विचारत होती, ‘काका, अर्जाला ओटीपी लागतो का?’ व्यसनी पोरीची चौकशी ही!

आता पहिला मुद्दा, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘इंटरनेटचं व्यसन’ नाही. ‘मोबाईलचं व्यसन’ नाही. ‘रील्सचं व्यसन’ तर नाहीच. आहे तो ‘गेमिंग डिसऑर्डर’, म्हणजे डिजिटल खेळांपुरता विकार. त्याचीही लक्षणं मोजून दिलीत: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टी मागं पडून खेळ पुढं येतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. त्यातून शिक्षण, घर, काम यांची चांगलीच हानी झालेली पाहिजे, आणि हे सहसा किमान बारा महिने चाललेलं पाहिजे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, असं संघटना स्वतःच सांगते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीतही इंटरनेटवरच्या खेळांचा विकार ‘आणखी अभ्यास हवा’ या सदरात ठेवलाय.

आता हे माप पुतणीला लावा. खेळ खेळत नाही. नापास नाही. जेवणखाण, झोप, कॉलेज सगळं चालू. रात्री तासभर रील बघते आणि हसते. तिच्या बापाला ते हसणं खुपलं.

हे माप महत्त्वाचं कशासाठी, तर चौथ्या मुद्द्यासाठी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (२०१८ च्या मे महिन्यापासून लागू) सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचं, आणि त्यात आयसीडीचं नाव घेतलंय. बापाला वाटतं म्हणून, शेजारी बोलतात म्हणून आजार ठरत नाही. अठरा वर्षांवरच्या पोराला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. संस्था नोंदणीकृत लागते. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद. त्यामुळं ‘व्यसनमुक्ती केंद्रात टाका’ म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या केंद्रात, तिथं मनोविकारतज्ज्ञ कोण, नोंदणीचा कागद कुठाय? पत्र्याच्या शेडात दारू सोडवायला आणलेल्या माणसांच्या शेजारी एकोणीस वर्षांचं पोरगं कोंडून ते काय शिकून येईल?

चीनचं कौतुक तर अर्धवट माहितीवरचं. तिथं शानदोंग प्रांतातल्या लिन्यीच्या एका रुग्णालयात इंटरनेटचं व्यसन घालवायला पोरांना विजेचे झटके देत होते. जुलै २००९ मध्ये तिथल्याच आरोग्य मंत्रालयानं ते थांबवलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगशीतल्या एका छावणीत आई-बापांनी आणून सोडलेलं पोरगं काही तासांत मारहाणीनं मेलं. मेसेजमधलं ‘सरळ करतात’ ते हे.

डोपामाइनचं फार मनाला लावून घेऊ नका. ते भूक लागल्यावर भाकरी दिसली तरी सुटतं. मुद्दा किती सुटतं आणि पुढं शरीराचं काय होतं हा आहे. जुन्या दारुड्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, फीट येते, माणूस दगावूही शकतो. रेंज गेली म्हणून कुणी दगावल्याचं जिंतूरला ऐकिवात नाही, आणि आमच्याकडं रेंज किती जाते ते मला विचारा. गोल्डफिशचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या २०१५ च्या अहवालामुळं जगभर पसरला. त्यांनीही तो दुसऱ्या एका संकेतस्थळावरून उचललेला. २०१७ मध्ये बीबीसीनं माग काढला तर मुळाशी संशोधनच सापडेना. आमच्याकडच्या अभ्यासिकांत तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी बसतात ती दुपारच्या डब्यालाच उठतात. आठ सेकंद म्हणे.

एकवीस दिवसांचं गणितही असंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती वेळ लागतो ते मोजलं, तर कुणाला १८ दिवस लागले आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. ते सवय लागण्याबद्दल होतं, फोन कोंडण्याबद्दल नव्हे. कुलपातून फोन बाहेर आला की बाविसाव्या दिवशी काय होतं हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

आता एक कबूल करावंच लागेल, नाहीतर भाऊ म्हणेल की याचं दुकान चालतं म्हणून हा बोलतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन बघून सकाळच्या तासाला पेंगणारी पोरं आहेत. फोन आणि गादी वेगळ्या ठेवा म्हटलं तर माझी हरकत नाही, माझ्या घरीही तोच नियम आहे. आणि त्याहून वाईट, पैसे लावायचे खेळ. रमी, सट्टा, क्रिकेटची टीम लावणं. फीसाठी घरून आलेले पैसे त्यात घालून, मग ते भरून काढायला कर्जाची ॲप घेऊन माझ्याकडं ‘दादा, हे बंद कसं करायचं’ म्हणत आलेली पोरं मी पाहिलीत. वर सांगितलेली लक्षणं त्यांच्यातल्या काहींना तंतोतंत लागू होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळून बुडालेल्या पोराला नाही. म्हणजे पोरानं घरी सांगितलं म्हणून त्याच्यावर केस होत नाही, हे आई-बापांनी त्याला आधी सांगावं.

पण या मेसेजमध्ये रमीचा शब्दही नाही. रील आहे, पोरगी आहे, स्थळ आहे. ज्याला खरंच शंका असेल त्यानं फोन हिसकावण्याआधी पोराला सोबत घेऊन बँकेत जावं आणि पासबुक भरून आणावं. पन्नास, शंभर, दोनशे अशा रोजच्या नोंदी दिसल्या की पुढं बोलता येतं. आणि बोलणं आपल्याच्यानं होत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. भावाला हा नंबर दिलाय. किल्ली मात्र अजून करदोट्यालाच आहे, तेव्हा या रविवारी त्याच्या घरी जाणार आहे.