‘पासष्टीनंतर रेडिएशन नको’: अटी गाळलेल्या दाव्याचा प्रतिवाद

स्तनाच्या कर्करोगाविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: पासष्टी ओलांडलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन दिले काय आणि न दिले काय, आयुष्य तेवढेच राहते, हे परदेशात सिद्ध झाले आहे, तरीही रुग्णालये पैशांसाठी ते देतात, रेडिएशनने सहा आठवडे हाल होतात आणि हृदय बिघडते, त्यापेक्षा हार्मोनविरोधी गोळी बरी. हा दावा निव्वळ खोटा असता, तर त्याला उत्तर देणे सोपे गेले असते.

‘परदेशात सिद्ध झाले आहे.’ हा आधार बहुधा एडिनबरा विद्यापीठाने चालवलेल्या ‘प्राइम-२’ या चाचणीचा आहे. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या १,३२६ स्त्रिया होत्या, पण त्यांची निवड केवळ वयावर झाली नव्हती. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंतच असावी, काखेतल्या ग्रंथींत रोग नसावा, गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी, असावी, स्तन राखून गाठ काढताना तिच्या कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगाच्या पेशी नसलेल्या, मिळालेल्या असाव्यात आणि हार्मोनविरोधी उपचार चालू असावेत, अशा अटी होत्या, आणि त्या सगळ्या एकाच स्त्रीच्या बाबतीत पूर्ण व्हाव्या लागत. फिरणाऱ्या मजकुरात यांपैकी फक्त वय उरले आहे. आपल्याकडे अनेक जणींचे निदान गाठ मोठी झाल्यावर किंवा रोग काखेत पोहोचल्यावर होते; त्यांना हा निष्कर्ष लागूच होत नाही, मग वय पासष्ट असो वा ऐंशी.

‘आयुष्य तेवढेच राहते.’ त्या निवडक गटापुरते हे खरे आहे: दहा वर्षांनंतर रेडिएशन घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही गटांतील सुमारे ८१ टक्के स्त्रिया हयात होत्या. मात्र त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ०.९ टक्के, तर न घेतलेल्यांत ९.५ टक्के होते. रोग परतला म्हणजे पुन्हा तपासण्या, पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया आणि कित्येकदा पूर्ण स्तन काढणे, तेही पंचाहत्तरीच्या आसपास. दुसरीकडे, सत्तरी गाठलेल्या ६३६ स्त्रियांच्या जुन्या अमेरिकन चाचणीत दीर्घ पाठपुराव्यात ३३४ मृत्यू झाले आणि त्यांतले फक्त २१ स्तनाच्या कर्करोगाने. ज्या बाईला हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार आहे, तिने हे आकडे पाहून रेडिएशन नाकारले तर तो समंजस निर्णय आहे. पण तिच्याच वयाची, धडधाकट आणि पुढची वीस वर्षे जगण्याची शक्यता असलेली स्त्री तेच आकडे पाहून रेडिएशन मागू शकते, आणि तीही चुकत नाही.

पैशांच्या आरोपाबद्दल एवढेच, की ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची मार्गदर्शक सूचनाही सरसकट ‘नको’ म्हणत नाही. ठरावीक कमी धोक्याच्या स्त्रियांशी चर्चा करून रेडिएशन टाळण्याचा विचार करा, असे ती सांगते.

‘सहा आठवडे हाल.’ हे वर्णन जुन्या पद्धतीचे आहे. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत एका आठवड्यातले पाच डोस तीन आठवड्यांच्या पंधरा डोसांपेक्षा कमी पडत नाहीत, असे २०२० मध्ये दिसून आले. हृदयाची भीती निराधार नाही, पण ती मुख्यतः डाव्या स्तनापुरती आहे, आणि दीर्घ श्वास रोखून धरायला लावून हृदयावर पडणारा डोस पुष्कळ कमी करता येतो.

‘गोळी बरी.’ मला सर्वांत घातक वाटते ते हे वाक्य, कारण रेडिएशन टाळण्याचा सारा हिशेब निदान पाच वर्षे नियमित गोळी घेण्यावर उभा आहे. या हार्मोनविरोधी गोळ्यांपैकी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलने सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात, टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि म्हणून अनेक जणी काही महिन्यांतच, बहुधा डॉक्टरांना न सांगता, गोळी सोडून देतात. रेडिएशनही नाही आणि गोळीही नाही, अशी ही स्थिती वरच्या आकड्यांत बसत नाही. गोळी झेपणार नाही असे ज्या आजीला वाटते, तिने ते रेडिएशनचा निर्णय होण्याआधीच सांगितले पाहिजे, कारण मग प्रश्न उलट बाजूने विचारता येतो: गोळीच वगळली तर? इटलीतल्या फ्लोरेन्सहून चालवलेल्या ‘युरोपा’ चाचणीत सत्तरीपुढच्या, कमी धोक्याच्या स्त्रियांना एक तर फक्त रेडिएशन किंवा फक्त हार्मोनविरोधी गोळी दिली गेली. तिच्या दोन वर्षांच्या अंतरिम निष्कर्षांत जीवनमान रेडिएशनच्या गटात अधिक चांगले टिकले, गोळीच्या नव्हे.