‘कुठलाही कॅन्सर बरा करणाऱ्या तयार बाटल्या’ कुठेच नसतात

‘मुंबईत कॅन्सरची लस निघाली, लॅबमध्ये बाटल्या तयार आहेत, एका इंजेक्शनात कुठलाही कॅन्सर बरा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली नेक्सकार१९ ही लस नव्हे, कार-टी पेशी उपचार आहे, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढायला लावणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती बी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) काही रक्तकर्करोगांसाठी. तेही आजार उलटला किंवा आधीचे उपचार लागू पडले नाहीत, तर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी तो मंजूर नाही.

बाटल्यांचं म्हणाल, तर इथे कच्चा माल रुग्णाचाच. त्याच्या रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत कॅन्सरच्या पेशी ओळखायला लावणारं नवं जनुक घालायचं, मग ३७ अंशांवर काही दिवस वाढवायच्या आणि पिशवीत भरून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. आम्हा लॅबमधल्या तंत्रज्ञांचा निम्मा जीव तपासण्यांत जातो: जिवंत पेशी किती, जंतूंचा शिरकाव नाही ना, आणि पिशवीवरची ओळख त्याच रुग्णाची आहे ना. शेवटच्या प्रश्नात चूक चालतच नाही. त्यामुळे ‘ओळखीने एखादी बाटली काढून द्या’ असे फोन कृपया करू नका. दुसऱ्यासाठी बनवलेली पिशवी तुमच्या माणसाला देता येत नाही. चौकशी रक्तविकारतज्ज्ञांकडेच करा.