कोटीपोट अन्ननलिकेचे की जठराचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

वासराची चारही पोटे भ्रूणातल्या एकाच फुगवट्यातून घडतात, या माझ्या विधानावर तुमचा आक्षेप आहे. पहिली तीन पोटे म्हणजे अन्ननलिकेचेच फुगवटे, खरे जठर फक्त चौथे, असे तुम्ही म्हणता. शिवाय जन्मतः कोटीपोट, म्हणजे चारांतले पहिले पोट, एवढेसे असते, तर गर्भात ते सगळ्यांत मोठे कसे, असेही विचारता.

अन्ननलिकेचे मत पूर्वी खरोखरच मांडले जाई. पहिल्या तीन पोटांचे अस्तर अन्ननलिकेसारखेच असते, अनेकथरी आणि ग्रंथी नसलेले. पण अस्तरावरून मूळ ठरत नाही. घोड्याच्या एकुलत्या एका जठराचाही बराच भाग असाच असतो. भ्रूणात प्रत्यक्ष काय दिसते? गाईत गर्भधारणेच्या साधारण तिसाव्या दिवसाच्या आसपास अग्रांत्रावर, म्हणजे भ्रूणातल्या अन्नमार्गाच्या पुढच्या भागावर, चातीसारखा फुगवटा येतो. त्याच्या मोठ्या वक्र कडेकडून कोटीपोट आणि जाळीपोट (दुसरे पोट) निघतात, लहान वक्र कडेला पडदेपोट (तिसरे) फुगते, उरलेला भाग चौथे पोट होतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास चारही कप्पे वेगळे ओळखता येतात.

मला सर्वांत पटणारा पुरावा वपेचा, म्हणजे पोटातल्या चरबीयुक्त पातळ पडद्याचा, आहे. मोठी वपा जठराच्या मोठ्या वक्र कडेला चिकटलेली असते. प्रौढ गाईत तिची जोडरेषा शोधत गेलात तर ती कोटीपोटाच्या डाव्या-उजव्या लांब खाचांवर आणि पुढे चौथ्या पोटाच्या कडेवर सापडते. कोटीपोट अन्ननलिकेचे असते तर वपा तिथे चिकटली नसती.

कोटीपोटाची कोंब आधी वर आणि पुढे वाढते. मग ती डावीकडून मागे वळते, त्यामुळे सुरुवातीला पुढे तोंड केलेल्या तिच्या आंधळ्या (एका टोकाला बंद) पिशव्या शेवटी मागे येतात आणि चौथे पोट खाली, पोटाच्या तळाशी सरकते. वेगवेगळ्या वयाचे गर्भ शेजारी ठेवल्याशिवाय हे वळण लक्षात येत नाही.

आता आकार. आपली दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त वये वेगळी. गाभण काळाच्या पूर्वार्धात कोटीपोट सर्वांत मोठे असते. उत्तरार्धात चौथे पोट झपाट्याने वाढून त्याला मागे टाकते, कारण जन्मताच चीक आणि दूध त्यालाच पचवायचे असते. जन्मावेळी पोटांच्या एकूण वजनापैकी जवळपास निम्मे एकट्या चौथ्याचे असते. प्रौढ जनावरात कोटीपोट आणि जाळीपोट मिळून सुमारे दोन तृतीयांश भरतात.

एका बाबतीत मात्र तुमचे बरोबर, माझे चुकले. कोटीपोटातले अंकुरक, म्हणजे अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे, जन्मानंतरच फुटतात असे मी लिहिले होते. त्यांचे उंचवटे गर्भातच दिसू लागतात. जन्मानंतर खुराक आंबून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लामुळे ते लांब होतात. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासरात ते खुरटेच राहतात. मूळ लेखातले वाक्य दुरुस्त केले आहे.

गर्भाच्या नमुन्यांवर स्वतः मोजमाप करणार असाल तर कप्पे उघडून, धुऊन, टिपून रिकामे वजन घ्या. गर्भ गर्भजल गिळतो. ते कोणत्या कप्प्यात किती साचले आहे यावर बाहेरून दिसणारा आकार बदलतो, आणि तुलना तिथेच फसते.