टेनिसने लेकराचा कणा वाकत नाही

परीक्षा संपल्या, उन्हाळी शिबिरांचे फलक लागले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर असा सगळीकडून माझ्याकडे आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, टेनिस खेळणाऱ्या लेकरांचे खांदे आणि पाठी तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे "ताई, हे खरं आहे का?" असं विचारत पालक तो मलाच पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: टेनिस हा एका बाजूचा खेळ आहे, वाढीच्या वयात तो खेळला की एक हात जाड होतो, खांदा उतरतो, कणा वाकतो, एक पाय आखूड पडतो, म्हणून बारा वर्षांच्या आत रॅकेट देऊच नका, दिली असेल तर तेवढाच वेळ दुसऱ्या हाताने खेळवा नाहीतर पोहायला लावा, मुलींना तर लांबच ठेवा. सोबत वाकड्या कण्याचा एक एक्स-रे. तो कुणाचा, त्या माणसाने कधी रॅकेट धरली होती का, याचा पत्ता नाही.

या मेसेजपायी चांगली खेळणारी लेकरं घरी बसवलेली मी पाहिली आहेत. म्हणून एकेक दावा घेते.

"एक हात जाड होतो, ही विकृती आहे"

हात जाड होतो हे खरं, विकृती मात्र नाही. हाडावर जसा ताण पडेल तसं हाड भरत जातं, स्नायूही तसाच. आयुष्यभर ज्वारीच्या काढणीला विळा चालवलेल्या बाईचे दोन्ही पंजे शेजारी ठेवून बघा, तिथेही हेच दिसेल. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या एक्स-रेंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळत्या हाताच्या हाडाची बाहेरची टणक भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के, तर स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. एकाच माणसाचे दोन हात, आईबाप तेच, खाणंपिणं तेच, फरक फक्त वापराचा. म्हणूनच व्यायामाने हाड किती भरतं हे बघायचं असलं की संशोधक टेनिसपटूंकडे जातात. डावखुऱ्या रॉड लेव्हरचा डावा हात कोपराखाली उजव्यापेक्षा ठळक जाड होता. त्याच हाताने त्याने १९६२ आणि १९६९ अशा दोन वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. राफाएल नदाल लिहितो उजव्या हाताने आणि खेळायचा डाव्या, आणि भरलेला हात त्याचा डावाच आहे.

शिवाय "एकच बाजू" हेही अर्धंच खरं. उजव्या हाताने सर्व्हिस करणाऱ्यांच्या पोटाचा पुढचा सरळ स्नायू डाव्या बाजूला जास्त भरलेला असतो. सर्व्हिस करताना धड मागे ताणून मग पुढे झेपावतं, त्या ओढीचा मोठा वाटा डावं पोट उचलतं.

"कणा वाकतो"

हा दावा सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून इथे जरा थांबते.

कणा बाजूला वाकण्याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेवर वाक १० अंश किंवा जास्त असेल तरच हे नाव देतात, आणि किशोरवयात तो २ ते ३ टक्के मुलांत आढळतो. बहुतेकांत कारण सापडत नाही, पण एकाच घरात तो पुन्हा पुन्हा दिसतो. उघडकीला येतो तो साधारण दहा ते पंधरा या वयात, उंची झपाट्याने वाढते तेव्हा. टेनिस जोरात सुरू होण्याचं वयही नेमकं हेच. पन्नास लेकरांच्या शिबिरात एखाद्याचा कणा वाकलेला निघू शकतो, आणि ती पन्नास लेकरं कबड्डीची असती तरी निघाला असता. टेनिसच्या शिबिरात निघाला की दोष मात्र रॅकेटला लागतो.

हे तपासूनही झालं आहे. २०१६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी १०२ किशोर टेनिसपटूंच्या पाठी २०३ शाळकरी मुलांच्या पाठींशी ताडून पाहिल्या. टेनिस खेळणाऱ्यांत कणा वाकण्याचं प्रमाण जास्त निघालं नाही. उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या जेम्स ब्लेकला तेराव्या वर्षी स्कोलिओसिस निघाला, कित्येक वर्षं त्याने पट्टा लावला, आणि २००६ मध्ये तो जागतिक क्रमवारीत चौथा होता.

मग खांदा उतरलेला दिसतो तो? दिसतो खरा. खेळता हात जड झालेला असतो, खांद्याचं पातं धरून ठेवणारे स्नायू ओढून ताणलेले असतात, म्हणून ती बाजू खाली येते. कणा वेगळा बघावा लागतो आणि ते घरी जमतं. लेकराला शर्ट काढून, पाय जुळवून, दोन्ही तळवे एकमेकांना लावून कंबरेतून पुढे वाकायला सांगा. मागे बसा, डोळे त्याच्या पाठीच्या पातळीवर आणा. दोन्ही बाजू समान उंचीवर असतील तर उतरलेल्या खांद्याची धास्ती सोडा. एक बाजू उंचवट्यासारखी वर आली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग लेकरू टेनिस खेळो की काहीच न खेळो.

पाठीची खरी काळजी दुसरीकडे आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही. सर्व्हिसला पाठ मागे कमान करून पुन्हा पुन्हा वळवली की कमरेच्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३३ निवडक किशोर टेनिसपटूंचे एमआरआय काढले, तर २८ जणांत काही ना काही बदल दिसला. प्रत्येक बदल म्हणजे दुखापत असं नाही. पण सर्व्हिसनंतर कमरेत, विशेषतः मागे वाकताना दुखतं असं लेकरू म्हणालं, तर "थोडं सहन कर" म्हणू नका.

"एक पाय आखूड पडतो"

पडत नाही. टेनिसपटूंच्या दोन पायांत हातांच्या मानाने फरक फारच थोडा असतो, तोही स्नायूंचा, लांबीचा नव्हे. लांबीत फरक निघालाच तर तो जन्मापासूनचा, जुन्या फ्रॅक्चरचा किंवा कंबर तिरकी धरल्याने भासणारा असण्याची शक्यता जास्त.

मेसेजने न सांगितलेला खांदा

दोन बाजूंतली जी तफावत मी दर वेळी मोजते ती डोळ्यांना दिसत नाही. लेकराला टेबलावर उताणं झोपवायचं. हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. एका हाताने खांद्याचा पुढचा भाग दाबून धरायचा आणि दुसऱ्याने त्याचा पंजा पायांच्या दिशेने खाली न्यायचा. खांदा उचलू लागला की थांबून कोन वाचायचा. हे आतलं वळण. पंजा डोक्याच्या दिशेने नेला की बाहेरचं.

खेळत्या हाताचं आतलं वळण कमी आणि बाहेरचं जास्त भरतं. यातला काही भाग हाडाचाच असतो: लहानपणी दंडाच्या हाडाला जास्त पीळ असतो, वाढताना तो उलगडत जातो, आणि सतत सर्व्हिस करणाऱ्या हातात तो कमी उलगडतो. म्हणून दोन्ही वळणांची बेरीज बघायची. समजा डाव्या खांद्याचं आतलं ६५ अंश आणि बाहेरचं ९०, बेरीज १५५. उजव्याचं आतलं ४५ आणि बाहेरचं ११० असेल तर बेरीज तीच, चिंता नाही. पण आतलं ४० आणि बाहेरचं ९५ निघालं, तर बेरीज १३५ वर आली. आतलं वळण १८ ते २० अंशांनी घटलं आणि सोबत बेरीजही ५ अंशांहून जास्त कमी झाली, की मी सर्व्हिस कमी करायला सांगते आणि खांद्याच्या मागच्या बाजूचे ताण सुरू करते. ते रोज पाच मिनिटांचं काम असतं. असे खांदे वेळेत सापडले तर बहुतेक सुधारतात. हात किती जाड दिसतो यावरून मात्र ते कधीच कळत नाही.

"दुसऱ्या हाताने तेवढंच खेळवा, नाहीतर पोहायला लावा"

आधीच थकलेल्या लेकराचे कोर्टवरचे तास दुप्पट करणं हा उपाय नव्हे. वाढत्या शरीरावर एकूण भार किती पडतो हेच तर सांभाळायचं असतं. दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारायचा बॅकहँड, रबर बँड ओढण्याचे व्यायाम, जड चेंडू दोन्ही बाजूंना फेकणं, एवढं पुरतं.

पोहणं छान आहे, पण कणा सरळ करायचं औषध म्हणून नाही. त्याच इटालियन संशोधकांना स्पर्धात्मक पोहणाऱ्या मुलांमध्ये धडाची असमानता शाळकरी मुलांपेक्षा जास्त आढळली होती. आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या आईबापांना तलाव परवडत नाही म्हणून अपराधी वाटायला लावणं मला सहन होत नाही. आपल्याकडे खो-खो आहे. दोन्ही बाजूंना वळणं, वाकणं, उठून सुटणं सगळं त्यात येतं, आणि धाराशिवच्या सारिका काळेला याच खेळासाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आहे. संध्याकाळी मैदानावर तासभर खो-खो खेळणारा टेनिसपटू माझ्या टेबलावर क्वचित येतो.

"बारा वर्षांच्या आत रॅकेट नको"

वयावर बंदी घालण्याचं कारण नाही, रॅकेटच्या वजनावर आणि खेळण्याच्या तासांवर आहे. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम २०१२ पासून आहे. लाल, केशरी, हिरवे चेंडू हळू येतात, कमी उसळतात, लेकराला खांद्याच्या वर हात ताणून मारावं लागत नाही. आपल्याकडे उलट होतं. काकाची २७ इंची रॅकेट नऊ वर्षांच्या हाती येते, कारण नवी छोटी घेतली तर वर्षात लहान पडणार. पालकांची ओढाताण मला कळते. तरीही एवढा खर्च आधी करा, बूट साधे चालतील.

तासांचा हिशोब सोपा आहे: आठवड्यातले सरावाचे तास लेकराच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्याला जाऊन सकाळी दोन मॅच खेळलेल्या लेकराला सोमवारी पुन्हा बादलीभर चेंडू घेऊन सर्व्हिस मारायला लावू नका. खांदा दुखायला लागतो तो अशाच आठवड्यांत.

"मुलींना लांबच ठेवा"

याचा राग येतो. बारा-तेराव्या वर्षी, पाळी आली की मैदान सुटणाऱ्या मुली आपल्याकडे आधीच भरपूर आहेत. त्यांच्या आईबापांना हा मेसेज आणखी एक कारण देतो: हात जाड दिसेल, पुढे लग्नाला अडचण.

१९९५ साली फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांतलं खनिज मोजलं. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांत खेळत्या हाताच्या हाडाला झालेला फायदा, पाळीनंतर पंधरा वर्षांहून उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दोन ते चार पट होता. म्हणजे मेसेज ज्या वयात रॅकेट काढून घ्यायला सांगतो, त्याच वयात मुलीचं हाड सगळ्यात जास्त कमावतं. म्हातारपणी घसरून मनगट आणि खुबा मोडलेल्या बाया माझ्याकडे रोज येतात, त्यामुळे या आकड्यांची किंमत मला कुणी पटवून द्यायला नको.

जालन्याच्या एका आईने मला हळूच विचारलं होतं, "ताई, हिचा हात असाच राहील का?" खेळ सुटला की स्नायू उतरतो, हाडाने कमावलेलं मात्र पुष्कळसं टिकतं, असं मी त्यांना सांगितलं. मग पोरीला टेबलावर झोपवून तिच्या खांद्याचे दोन्ही कोन मोजले, कागदावर लिहून दिले आणि पुढच्या वेळी तोच कागद घेऊन यायला सांगितलं.