कार्डिनल इव्हान डायस भारताचे राजदूत नव्हते

‘मुंबईचे आर्चबिशप असताना इव्हान डायस यांना भारताने अल्बानियात राजदूत म्हणून पाठवलं,’ असा मजकूर फिरतोय. अभिमान ठीक आहे, पण यात क्रम उलटा आहे आणि मालकही चुकलाय.

वांद्र्यात १९३६ साली जन्मलेले डायस परराष्ट्र सेवेत कधीच नव्हते. ते पोपचे राजदूत होते. चर्चच्या भाषेत नन्सिओ. १९८२ मध्ये घाना, टोगो आणि बेनिन, १९८७ मध्ये दक्षिण कोरिया, १९९१ मध्ये अल्बानिया. ज्या देशाने १९६७ मध्ये धर्मावरच बंदी घातली होती, तिथे चर्चची घडी पुन्हा बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तिथे गेले आणि श्कोडरमध्ये त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली.

गोंधळ बहुधा ‘आर्चबिशप’ या पदवीमुळे झाला असावा. नन्सिओला सहसा एखाद्या लुप्त झालेल्या धर्मप्रांताचं (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचं) नाममात्र आर्चबिशपपद देतात. डायस यांच्या वाट्याला उत्तर आफ्रिकेतलं रुसुबिसिर आलं होतं. तिथे सांभाळायला ना चर्च, ना माणसं!

मुंबईचे आर्चबिशप ते झाले १९९६ मध्ये, म्हणजे राजदूतपद संपल्यावर. कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या दर्जाचे धर्माधिकारी, २००१ मध्ये.