जमीनमूल्य कर भाडेकरूच्या डोक्यावर बसतो?

‘जमिनीच्या मूल्यावर कर लावला की मालक तो भाड्यात घालणार, पेन्शनवर जगणारे म्हातारे घराबाहेर पडणार, आणि इमारत वगळून नुसत्या जमिनीची किंमत काढणं तर अशक्यच.’ हा मजकूर बराच फिरतोय. तिन्ही मुद्दे पाहू.

भाड्याचा मुद्दा पटकन पटतो, कारण इतर करांचं तसंच होतं. सिमेंटवर कर बसला की उत्पादन घटतं, भाव चढतो. जमीन मात्र कोणी तयार करत नाही, त्यामुळे कराला कंटाळून ती कमीही होत नाही. मालक आज घेतोय ते भाडं दयेपोटी कमी ठेवलेलं नसतं. बाजारात मिळेल तेवढं तो घेतोच. कर आला म्हणून भाडेकरूच्या खिशात जास्त पैसे येत नाहीत. उलट, भाव चढण्याची वाट पाहत मोकळा ठेवलेला भूखंड दरवर्षी खर्चात टाकू लागतो, म्हणून तो बांधकामाला निघतो आणि जागा वाढतात. घराखालच्या जमिनीच्या खंडावरचा, म्हणजे नुसत्या जमिनीच्या भाड्यावरचा कर सगळा मालकावरच पडतो, हे अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडलंय. करांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननेही हाच कर सगळ्यांत कमी वाईट मानला.

मग झळ कोणाला? भूखंडाचा वार्षिक खंड १०० आणि व्याजदर ५ टक्के असेल, तर त्याची किंमत साधारण २००० होते, कारण २००० वर ५ टक्क्यांनी १०० च मिळतात. खंडातले ४० करात गेले की उरतात ६०, आणि किंमत येते १२०० वर. म्हणजे कर जाहीर होताना जमीन ज्याच्या नावावर, त्याचं नुकसान. कालच कर्ज काढून २००० ला घेतलेल्या माणसाची तक्रार मला रास्त वाटते. गंमत म्हणजे त्या मजकुरात ती नाहीच! कर टप्प्याटप्प्याने वाढवला आणि बांधकामावरचा कर त्याच हिशेबाने उतरवला, तर हा धक्का पुष्कळ सौम्य होतो.

पेन्शनरांची अडचण खरी आहे, पण ती रोख पैशाची आहे. डेन्मार्कमध्ये पेन्शनरांना हा कर घरावरचं कर्ज म्हणून साठवता येतो. घर विकताना तो वसूल होतो.

राहिलं मूल्यांकन. एस्टोनियात १९९३ पासून नुसत्या जमिनीवरच कर आहे, इमारतीवर नाही. अशक्य असतं तर तो एक वर्षही चालला नसता. शेजारशेजारच्या मोकळ्या जागांचे व्यवहार पाहूनही अंदाज बांधता येतो. मात्र मूल्यं वेळच्या वेळी सुधारावी लागतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने १९१३ च्या कायद्यानंतर जमिनीवर इमारतीपेक्षा चढा दर लावला आणि कित्येक दशकं चालवला. तिथली मूल्यं वर्षानुवर्षं जुनीच राहिली. मग एकदम फेरमूल्यांकन झालं, लोक भडकले आणि २००१ मध्ये ती पद्धत मोडीत निघाली. विरोधकांनी खरं तर हे उदाहरण द्यायला हवं होतं.